उज्जीयाची टाकी

"कोणाचा विश्वास बसणार नाही डॉक्टर, पण ह्या दोन हातांनी मी एकदा अख्ख्या माझगावचं पाणी बंद केलं आणि एका गोऱ्या साहेबाला अर्ध्या दाढीनिशी कचेरीत जायला लावलं. कलेक्टर होता, कलेक्टर!"

सियोनबाबांनी दोन्ही हात पुढे धरले, जणू माझगाव अजून त्यांच्या मुठीत होतं.

"मागच्या मलिद्याला तो गव्हर्नर होता," आतून नारळ खवता खवता त्यांच्या पत्नी मिरियमबाई म्हणाल्या.

"असेल ना! अर्ध्या दाढीने कचेरीत गेल्यावर हुद्दा खाली येणारच की."

शेजारचे डॉक्टर शशिधर खदखदून हसले. सियोनबाबांना ते आवडायचे ते एवढ्यासाठीच. इंग्लंडातल्या वॉटफर्डच्या ह्या गल्लीत बाबांच्या गोष्टी पहिल्यांदा ऐकणारा माणूस आता दुसरा कोणी उरला नव्हता. शिवाय बाबांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय हे आधी ओळखलं होतं ते डॉक्टरांनीच. तो डोळा लीड्सच्या हॉस्पिटलात उघडला, म्हणून तर ह्या मराठी यहुदी घरात आजचा मलिदा होता. एलियाहू हन्नाबी ह्या संदेष्ट्याचं नाव घेऊन गोड पोह्यांचं ताट मांडायचं आणि आभार मानायचे. डॉक्टर हिंदू असले म्हणून काय झालं, आभारात त्यांचाही वाटा होता.

एकतीस वर्षं सियोन झिराडकरांनी मुंबईच्या पाणीखात्यात चावीवाल्याचं काम केलं होतं. रस्त्यातलं झाकण उचलायचं, पुरुषभर उंचीची लोखंडी चावी आत घालायची आणि ठरल्या वेळी ठरल्या गल्लीला पाणी सोडायचं. त्या एकतीस वर्षांत चावी दुसऱ्याच्या हातात गेली नाही, ह्याचा त्यांना फार अभिमान होता. आणि त्या अभिमानानेच ह्या उन्हाळ्यात सगळा घोटाळा केला होता. अर्थात हे त्यांना अजून कोणी तोंडावर सांगितलं नव्हतं.

लीड्सहून ते शुक्रवारी दिवेलागणीला आले. शनिवारी शब्बाथ, विसाव्याचा पवित्र वार. शब्बाथला घरात कागदपत्रांचं बोलायचं नाही, हा त्यांचाच नियम. त्यामुळे सगळ्यांनी मनातलं सगळं रविवारपर्यंत सांभाळून ठेवलं होतं, आणि रविवार सकाळचे दहा वाजले तशी बेला हातात एक लांबट पाकीट घेऊन बाहेर आली.

बेला त्यांची मुलगी. लीड्सच्या हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर. तिच्याच ओळखीने ऑपरेशनचा नंबर लवकर लागला होता. तिचा आवाज घरातही वॉर्डातलाच असे.

"बाबा, कलेक्टरची दाढी नंतर. आधी ह्याचं काय ते ठरवा."

"काय आहे?"

"कौन्सिलची नोटीस. तुमच्या अलॉटमेंटची, भाजीच्या प्लॉटची. दोन आठवडे झाले येऊन. नॅथनने बिस्किटांच्या डब्यात लपवून ठेवली होती."

"लपवली नव्हती," दारात उभा असलेला नॅथन म्हणाला. हा बाबांचा मुलगा. चाळिशी ओलांडलेला होता, छापखान्यात पंधरा माणसं हाताखाली होती, पण बाबांसमोर त्याचे हात आपोआप पाठीमागे जात. "डोळ्यावर पट्टी होती बाबांच्या. म्हटलं ताण नको."

सियोनबाबांनी नवा जाड भिंगांचा चष्मा सारखा केला आणि कागद वाचला. वाचता आला ह्याचा आनंद त्यांना दोन ओळी पुरला. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की प्लॉट नंबर सतरा नीट कसला जात नाही, पाहणीच्या वेळी त्यातलं बहुतेक पीक जळालेलं आढळलं. तेव्हा भाडेकरूने घरातल्या दुसऱ्या सक्षम माणसाच्या नावावर प्लॉट करून द्यावा आणि तसा फॉर्म सोमवारपर्यंत ऑफिसात पोचवावा. नाहीतर प्लॉट वेटिंग लिस्टवरच्या माणसाला जाईल.

"जळालेलं?" ते उठून उभे राहिले. "माझ्या प्लॉटवर तीन टाकी आहेत! तुडुंब भरलेली! अख्खा हिवाळा शेडच्या पत्र्यावरचा थेंब न् थेंब मी पन्हळीने आत घेतलाय. पावसाअभावी सगळ्या वॉटफर्डात होसपाइपवर बंदी आली, कमिटीने नळाला कुलूप घातलं, तरी माझं पीक जळायचं कारण काय?"

 आत नारळ खवण्याचा आवाज थांबला.

"नॅथन, तू काय करत होतास?"

"टाक्यांना कुलपं होती बाबा."

"मग तोडायची!"

"तुमची कुलपं?" नॅथनने इतक्या आश्चर्याने विचारलं की डॉक्टरांनी मान फिरवून वाळलेल्या हिरवळीकडे बघायला सुरुवात केली.

"बाबा," बेला म्हणाली, "किल्ल्या तुमच्या कोटाच्या खिशात होत्या. लीड्सला. वहिनीचा तिसऱ्याच दिवशी फोन आला होता. मी म्हटलं, पोस्टाने पाठवते, उद्या पोचतील. तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"मी आजारी होतो."

"तुम्ही म्हणालात, मी येईपर्यंत कुलपाला कोणी हात लावायचा नाही. फोन माझ्या हातातून घेऊन म्हणालात."

"गुंगीत असेन."

"ऑपरेशन चार दिवसांनी होतं!"

सियोनबाबांनी कोटाचा खिसा चाचपला. ऑगस्टातल्या त्या भट्टीतसुद्धा त्यांच्या अंगात कोट होता आणि किल्ल्यांचा जुडगा खिशात होता.

"मला वाटतं, सोडून द्यावा तो प्लॉट," बेला जरा मऊ आवाजात म्हणाली. "तुम्ही दोघं लीड्सला या. हॉस्पिटल पाच मिनिटांवर. दुसऱ्या डोळ्याचंही करायचं आहेच. नॅथनलाही तेच वाटतंय. होय ना रे?"

नॅथनने होय आणि नाही ह्यांच्या मधे कुठेतरी मान हलवली.

"मी लीड्सला येणार नाही," खिडकीतून मिरियमबाई म्हणाल्या. "तिथला पावसुद्धा वेगळा लागतो. ह्यांना न्यायचं तर न्या."

"ऐकलंत डॉक्टर? पन्नास वर्षांचा संसार!" सियोनबाबांनी टोपी डोक्यावर घातली. "प्लॉट माझा आहे. फॉर्मवर माझंच नाव लिहून मी उद्या स्वतः ऑफिसात नेऊन देणार. बघू कोण नाही म्हणतो."

"बाबा, घरातला दुसरा माणूस असं लिहिलंय."

"इंग्रजी मला शिकवू नकोस," ते म्हणाले आणि फाटकाबाहेर पडले.

*

अलॉटमेंट घरापासून पाच मिनिटांवर, रेल्वेच्या बांधालगत. कौन्सिलने भाड्याने दिलेले जमिनीचे तीसेक तुकडे, प्रत्येकावर एक झोपडीवजा शेड. बाबा वाटेने चालत होते ते दोन्ही बाजूंचे तुकडे मोजत. नव्या डोळ्याला सगळं फार स्पष्ट दिसत होतं, इतकं की नको वाटावं. कोबी कागदासारखा झाला होता. बटाट्याच्या वेलांची काळी दोरी झाली होती. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा.

सतरा नंबरवर आले आणि ते थबकले. मुळा गेला होता. कांदे गेले होते. भोपळ्याच्या वेलाला हात लावला तर तो चुरा होऊन हाताला लागला. त्या सगळ्या राखेच्या मधे त्यांची तीन टाकी जशीच्या तशी उभी होती. दोन लोखंडी, जुन्या घरांच्या माळ्यावरून काढलेली, आणि एक जमिनीत खणून विटांनी बांधून काढलेलं. त्यांनी किल्ली काढली आणि जमिनीतल्या टाक्याचं झाकण उचललं. काठोकाठ पाणी. थंडगार. स्वतःचं तोंड दिसावं इतकं निवळ. सियोनबाबांनी ते बघितलं आणि झाकण पुन्हा लावून टाकलं.

मग त्यांना शेडच्या मागे हिरवं काहीतरी दिसलं.

वाल होते. बारा वर्षं, म्हणजे प्लॉट मिळाल्यापासून दर वर्षी, सियोनबाबा वॉटफर्डात वाल लावत होते. बियाणं अलिबागच्या बाजूचं, कोणा ना कोणाच्या बॅगेतून आलेलं. दर वर्षी वेल चढत, फुलत, आणि शेंग धरायच्या आत थंडी पडे. दर वर्षी बाबा म्हणत, पुढच्या वर्षी. आणि आता हे वेल दोन काठ्या उंच चढले होते आणि खालपासून वरपर्यंत शेंगांनी लगडले होते. बाजूला मेथीचे दोन वाफे. मिरच्यांची सहा झाडं. सगळ्यांच्या बुडाशी गवताचं आच्छादन आणि आच्छादनाखाली ओल.

"आलात बाबा?" मागून आवाज आला.

बथशेबा होती. त्यांची सून. दोन्ही हातांत बादल्या, साडी गुडघ्याशी खोचलेली. घरात तिला शेबा म्हणत. ती रेवदंड्याची. लग्न होऊन इंग्लंडात आली त्याला चौदा वर्षं झाली होती आणि दिवसा ती बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची.

"हे कसलं पाणी?" सियोनबाबांनी विचारलं.

"हे तांदूळ धुतल्याचं. मेथीला. दुसऱ्या बादलीतलं आंघोळीचं."

"साबणाचं?"

"साबण लावायच्या आधीचं. आई मधेच बाहेर येतात, मी बादल्या भरून घेते, मग त्या परत जातात." ती बादल्या ठेवून वाकली आणि पेल्याने एकेका वेलाच्या बुडाशी पाणी घालू लागली. "सगळं नाही वाचवता आलं. दिवसाला सहा बादल्यांच्या वर होत नाही. म्हणून म्हटलं, वाल तरी."

बाबांना म्हणायचं होतं, पोरी, तू कमाल केलीस. तोंडातून आलं ते असं: "मेथीला एवढं पाणी घालायचं नसतं. पिवळी पडते."

"हो बाबा."

"आणि आच्छादन जरा लांब ठेवायचं. गोगलगायी होतात."

"ह्या वर्षी गोगलगायीसुद्धा मेल्या," शेबा म्हणाली. मग पेला बादलीत टाकून सरळ उभी राहिली. "बाबा, एक विचारू? प्लॉट माझ्या नावावर करून द्याल?"

सियोनबाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तुझ्या नावावर."

"घरातला दुसरा माणूस असंच म्हणतायत ना ते. ह्यांना शेतीतलं काही कळत नाही. मला कळतं असं नाही, पण मला इथे येऊन बरं वाटतं. संध्याकाळी कारखान्यातून सुटले की पाय इकडेच वळतात. शिवाय..." ती जरा घुटमळली. "शिवाय मिस्टर प्रिचर्डच्या प्लॉटवर काहीच उरलं नाही. म्हातारे रोज येऊन नुसते बसतात. आपलं एक टाकं उघडलं असतं, तर आजूबाजूच्या चार जणांचं भागलं असतं. पाळ्या लावून. तुम्ही माझगावला लावायचात तशा."

शेजारच्या तुकड्यावर खुर्ची टाकून प्रिचर्ड खरंच बसले होते. त्यांनी हात वर केला. सियोनबाबांनीही केला. तीन आठवडे हा माणूस तीन भरलेल्या टाक्यांकडे बघत बसला होता, आणि एका शब्दाने काही म्हणाला नव्हता.

"मलिद्याची वेळ झाली," बाबा म्हणाले. "चल. विचार करतो."

झिराडकरांच्या घरात 'विचार करतो' म्हणजे नाही. शेबाला हे माहीत होतं. तिने रिकाम्या बादल्या एकात एक घातल्या आणि ती मागून चालू लागली. वाटेत सियोनबाबांच्या मनात दोन माणसं भांडत होती. एक म्हणत होता, बारा वर्षं मी खपलो आणि शेंग धरली ती मी नसताना, आंघोळीच्या पाण्यावर! दुसरा म्हणत होता, धरली ना पण. पहिला मोठ्याने बोलत होता.

*

मलिद्याला लंडनहून तीन गाड्या आल्या होत्या. पाहुण्यांनी एलियाहू हन्नाबीचं गाणं म्हटलं, गूळ-खोबऱ्याच्या पोह्यांवर पाच फळं मांडून बेराखा, म्हणजे आशीर्वादाच्या प्रार्थना, झाल्या, सगळ्यांनी ताटातला प्रसाद घेतला आणि दुपारी तीनपर्यंत गाड्या परत गेल्या. उरली घरची माणसं आणि डॉक्टर शशिधर. चहा झाला. आता आख्यान.

ही ह्या घराची रीत होती. मुंबईत तरुणपणी सियोनबाबा आपल्या लोकांत मराठीतून कीर्तन करायचे, झांजा घेऊन. झांजा मुंबईत राहिल्या, पण मलिद्यानंतर एका राजाचं आख्यान लावायचं हे सुटलं नव्हतं. आणि आज त्यांनी वाटेवरून येतानाच राजा निवडला होता. जो ऐकेल त्याला कळेल की टाकी बांधणाऱ्याच्या हातातून टाकी काढून घेणं म्हणजे काय पाप आहे. आख्यान संपलं की फॉर्मवर स्वतःचं नाव घालायचं. फॉर्म आणि पेन त्यांनी मांडीखाली ठेवलं होतं.

"यहूदाचा राजा उज्जीया," त्यांनी सुरुवात केली. "सोळाव्या वर्षी गादीवर बसला. बावन्न वर्षं राज्य केलं. आता राजे म्हटले की डॉक्टर, लढाया आल्या. लढाया ह्यानेही केल्या. पण शास्त्रात त्याच्याबद्दल काय लिहिलंय ठाऊक आहे? ह्या राजाला मातीची आवड होती. दुसऱ्या कोणत्याही राजाबद्दल असं लिहिलेलं नाही. रानात बुरूज बांधले, आणि टाकी खोदली, पुष्कळ टाकी. कारण गुरं होती, डोंगरावर द्राक्षमळे होते, आणि पाऊस तिकडे मनाला येईल तेव्हा. राजा रोज पहाटे उठायचा, हातात काठी घ्यायचा आणि प्रत्येक टाक्यात काठी बुडवून बघायचा. किती बोटं पाणी आहे!"

"हे लिहिलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"ह्याचा अर्थच तो. आणि प्रत्येक टाक्यावर एक चावीवाला. सगळ्यांचा मुख्य चावीवाला जो होता, तो आमच्या झिराडचाच असला पाहिजे. नाहीतर इतकं चोख काम कोण करणार?"

"तेव्हा आपलं जहाजसुद्धा फुटलं नव्हतं," मिरियमबाई म्हणाल्या. कोकणच्या किनाऱ्याला जहाज फुटून आपले पूर्वज आले हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं. बेला हसली, नॅथनही हसला.

सियोनबाबांना रंग चढला. त्यांनी टाक्यांचं वर्णन केलं, चुन्याचा गिलावा कसा देत ते सांगितलं, दुष्काळात शेजारचे राजे घागरी घेऊन कसे दारात आले ते सांगितलं. दोन्ही हात उंच करून ते म्हणाले, "आणि त्याचं नाव पार मिसरच्या हद्दीपर्यंत गेलं! का? तर त्याने जपलं! हातात दिलेलं जपलं!"

इथे ते थांबले. आख्यान त्यांनी इथेच संपवायचं ठरवलं होतं. घरच्या सगळ्यांना पुढचं ठाऊक होतं आणि बाबांसमोर पुढचं विचारायची कोणाची छाती नव्हती. नॅथन चहाच्या कपात बघू लागला. शेबा मांडीवरच्या ताटलीत वालाच्या पिकून वाळलेल्या शेंगा सोलत होती, तिने मान वर केली नाही. बाबांचा हात मांडीखालच्या फॉर्मकडे गेला.

"मग पुढे?" डॉक्टर शशिधरांनी विचारलं.

"पुढे काय?"

"राजाचं. शेवट काय झाला त्याचा?"

सियोनबाबांनी घरच्यांकडे पाहिलं. कोणीही मदतीला आलं नाही. उलट मिरियमबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"पुढे... पुढे तो फार मोठा झाला," बाबा म्हणाले. "म्हणजे त्याला तसं वाटायला लागलं. एके दिवशी धुपाचं पात्र घेऊन थेट मंदिरात शिरला. धूप जाळायचं काम याजकांचं. ऐंशी याजक आडवे आले. म्हणाले, महाराज, शेत तुमचं, सैन्य तुमचं, पण हे काम आमच्याकडे नेमून दिलंय, ते आमच्या हातात राहू द्या. आणि हा ऐकेना. पात्र सोडीना. म्हणतो, मी येईपर्यंत कोणी हात..."

वाक्य अर्ध्यावर राहिलं. शास्त्रात असं काही नव्हतं. ते लीड्सच्या फोनवरचं होतं.

"मग?" डॉक्टर पुढे वाकले होते.

"मग कपाळावर कोड उठलं. तिथल्या तिथे. आणि उरलेलं आयुष्य वेगळ्या घरात काढलं त्याने, एकट्याने."

"अरेरे! आणि टाकी?"

"टाकी काय?"

"राजा असा वेगळ्या घरात. मग एवढी टाकी, गुरं, मळे, ह्यांच्याकडे बघायचं कोणी?"

"मुलाने. योथाम नाव त्याचं. घर त्याने सांभाळलं, न्यायनिवाडा त्याने केला. चांगलं केलं, म्हणतात. वर आणखी बांधलंन."

"म्हणजे टाकी चालू राहिली."

"राहिली."

"मग बरंच झालं की, काका," डॉक्टर मागे टेकत म्हणाले. "पेशंट गेला कामातून, पण काम नाही बुडालं. राजाने मुलाला आधीच सगळं दाखवून ठेवलं असेल, नाही का? नाहीतर टाक्यांना काठी कुठे बुडवायची हे त्याला कसं कळणार?"

पन्नास वर्षं सियोनबाबा हे आख्यान लावत होते. त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही विचारावंसं वाटलं नव्हतं. कीर्तन नेहमी कोडावर संपायचं, लोक च् च् करायचे आणि घरी जायचे. टाकी दुसऱ्या दिवशीही भरलेली असतील, त्यातून कोणीतरी गुरांना पाणी पाजत असेल, हे कधी डोक्यात आलंच नव्हतं.

"तीन आठवडे मी चार बोटं पाण्यात आंघोळ केली," मिरियमबाई कोणाकडेही न बघता म्हणाल्या. "तक्रार म्हणून नाही सांगत. राजाच्या टाक्यांवरून आठवलं."

"आई, तू तर म्हणत होतीस लीड्स..." बेलाने सुरुवात केली.

"मी लीड्सचं काही म्हटलं नाही. मी पावाचं म्हटलं. आणि ही रोज सहा बादल्या वाहून नेत होती, हे तुम्हा दोघा भावंडांनी बघितलं तरी का?"

"मी दोन नेल्या," नॅथन म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे, रविवारी. सगळ्या रविवारी." आणि मग, आयुष्यात प्रथमच बहुधा, पाठीमागचे हात पुढे घेऊन तो म्हणाला, "बाबा, प्लॉट सोडू नये असं मला वाटतं. बेला, रागावू नकोस. शेबाने करावा. तिला येतं."

"मी का रागावू?" बेला रागावून म्हणाली. मग वहिनीच्या मांडीवरच्या ताटलीतला एक टपोरा दाणा उचलून तिने तो बघितला, वास घेतला. "हे... हे आपल्या प्लॉटवरचे? वॉटफर्डचे?"

"हो."

"बिरडं करणार?"

"आज भिजत घालते, उद्याला मोड येतील. परवापर्यंत थांबलीस तर खाऊन जाशील."

"परवा माझी ड्यूटी आहे," बेला म्हणाली. दाणा ताटलीत परत ठेवत म्हणाली, "बदलून घेता येईल."

सियोनबाबांनी मांडीखालून फॉर्म काढला.   सगळे बघत असताना, एकेक अक्षर सुटं काढत, त्यांनी नाव लिहिलं: बथशेबा नॅथन झिराडकर. खाली आपली सही केली आणि कागद सुनेपुढे सरकवला. मग कोटाच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून मलिद्याच्या रिकाम्या ताटात ठेवला. एवढ्या वर्षांत ताटावर लोखंड वाजलेलं ह्या घरात कोणी ऐकलं नव्हतं.

शेबाने सोललेले वाल बाजूला ठेवले. पदराला हात पुसले, पण किल्ल्यांना हात लावला नाही.

"बाबा, हे कधी ठरवलंत?" बेलाने विचारलं. "सकाळी तर तुम्ही..."

आता इथे सियोनबाबांना म्हणता आलं असतं की माझी चूक झाली. शब्द अगदी जिभेवर होते. पण ती जीभ पंचाहत्तर वर्षं दुसऱ्याच कामाला लावलेली होती.

"मी कोण ठरवणारा?" ते ताठ बसले. "शास्त्रातच आहे. डॉक्टरांनी मधेच प्रश्न विचारले म्हणून माझं सांगायचं राहिलं. राजा आजारी पडला तेव्हा राज्य दिलं योथामाला. बरोबर. पण टाक्यांच्या किल्ल्या नाही दिल्या त्याला. योथाम पडला कचेरीतला माणूस, निवाडे करणारा. किल्ल्या दिल्या सुनेला! सोन्याच्या ताटात घालून दिल्या. म्हणाला, मुली, तू डोक्यावरून पाणी वाहिलंस, ऐंशी याजकांना जे दिसलं नाही ते तुझ्या बादलीने दाखवलं. आजपासून एक टाकं शेजाऱ्यांसाठी उघडं ठेव, पाळ्या लाव, आणि म्हाताऱ्या राजाला संध्याकाळी येऊन खुर्ची टाकून बसू दे, तो मधे मधे बोलणार नाही. दुसऱ्या इतिहासाचं पुस्तक, सव्विसावा अध्याय. स्पष्ट लिहिलंय. पांढऱ्यावर काळं!"

डॉक्टर शशिधरांनी अगदी आदराने मान डोलावली. नॅथनने आईकडे पाहिलं, आईने छताकडे पाहिलं.

शेबाने ताटातल्या किल्ल्या उचलल्या. एक, दोन, तीन, अशा बोटांनी चाचपून बघितल्या आणि पदराच्या टोकाला घट्ट गाठ मारून बांधल्या. गाठ ओढून बघितली. मग सासऱ्याच्या जाड चष्म्यात सरळ बघत ती म्हणाली,

"बाबा, सव्विसावा अध्याय मी रेवदंड्याला पाठ केलाय. त्यात सून नाहीच आहे."